ज्यांच्याकडे आपली पाठ आहे ती पोरं काय करतायत?

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात मी द्विशिक्षकी शाळेबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं, एवढे व्हॉट्सअपचे मेसेज आले की या वेळची सगळी पानं त्याच विषयाला देतेय. नंदुरबार, धुळे, जळगाव, तिन्हीकडून विचारणा आहे, शिक्षक आहेत, पालक आहेत, एक आजोबा पण आहेत. नावं कुणाचीच छापत नाही, तालुका तेवढा ठेवलाय. मी स्वतः चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आणि नंतर यावलकडे अशी 21 वर्षं बहुवर्ग शाळांवर, म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी अनेक इयत्ता असतात अशा शाळांवर काढलीत, त्यामुळे खाली जे सांगते ते करून बघितलेलं सांगते.

प्रश्न : बाई नमस्कार. मी अक्राणी तालुक्यात एका पाड्यावरच्या शाळेत आहे, नोकरीचं दुसरं वर्ष. पट 27, पहिली ते चौथी. दुसऱ्या सरांची बदली झाली तेव्हापासून मी एकटाच आहे. पहिलीला अक्षरं घ्यायला बसलो की चौथीचा दंगा सुरू, चौथीला भागाकार घेतला की पहिलीची पोरं उठून बाहेर पळतात. एका वर्गाला शिकवताना तीन वर्गांचं नुकसान करतोय असं सारखं वाटतं, रात्री झोप लागत नाही. दिवसाचे चार भाग करून प्रत्येक वर्गाला सव्वा तास असं पण करून बघितलं, जमत नाही. माझं काय चुकतंय?
(एक शिक्षक, ता. अक्राणी)

उत्तर : भाऊ, चुकतंय ते त्या सव्वा तासाच्या हिशोबात. जरा कागद घ्या. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास शिकवणं सांगितलंय. आता तुम्ही 800 ला 4 ने भागलं तर एकेका इयत्तेला तुम्ही मिळणार 200 तास आणि उरलेले 600 तास ते पोर त्याच खोलीत बसलेलं असणार पण तुमची पाठ त्याच्याकडे असणार. आपण सगळी तयारी कशाची करतो, त्या 200 तासांची. पाठ टाचण त्याचंच, साहित्य त्याचंच, काळजी पण त्याचीच. आणि 600 तासांसाठी आपल्याकडे एकच वाक्य असतं, "पाठ्यपुस्तकातून बघून लिहा रे." मग पोरं बाहेर पळतील नाहीतर काय करतील, त्यांना दुसरं कामच नाही.

म्हणून मी पहिली तीन वर्षं हेच भोगल्यावर उलटं करायला लागले. संध्याकाळी घरी उद्याची तयारी करताना आधी हे लिहायचं की उद्या मी पहिलीत बसलेली असताना दुसरी, तिसरी, चौथी काय करणार आहे, कशाने करणार आहे, अडलं तर कुणाला विचारणार आहे, आणि बरोबर आलं की चूक हे माझ्याशिवाय त्यांना कसं कळणार आहे. हे चार लिहून झाले की मग शेवटी मी स्वतः काय शिकवणार ते. ते शेवटचं तर आपल्याला येतंच असतं हो.

एक दिवस कसा जायचा ते सांगते. माझ्याकडे डालड्याचा एक जुना डबा होता, चिंचोक्यांनी काठोकाठ भरलेला. सकाळी गणिताला सगळी 31 पोरं गोल बसवायची, डबा मधे पालथा करायचा आणि दहा मिनिटं सगळ्यांशी मिळून बोलायचं, किती असतील, कसं मोजू, कोण किती म्हणतंय. मग काम वाटायचं. पहिलीने दहा-दहाचे ढीग लावायचे. दुसरीने जोडीजोडीने मूठ भरायची, मोजायची आणि कुणाचे जास्त, कितीने जास्त ते पाटीवर मांडायचं. तिसरीने वाट्यांत सारखे वाटायचे आणि उरलेले लिहायचे. चौथीने आधी एक वाटी मोजायची, डबा किती वाट्यांचा ते बघायचं आणि न मोजता सगळ्या डब्याचा अंदाज बांधायचा, आणि शेवटी पहिलीच्या ढिगांवरून पडताळायचा, म्हणजे चौथीला पहिलीची गरज आणि पहिलीला आपलं काम मोठ्यांच्या कामाला येतंय याचा आनंद. डबा एक, कामं चार. आणि मी मात्र त्या दिवशी फक्त तिसरीजवळ बसायची, कारण नवीन जे होतं ते तिसरीला होतं.

तिथलंच एक आठवतं. तिसरीतली एक पोरगी 23 चिंचोके 5 वाट्यांत वाटत होती, चार-चार पडले, तीन उरले. तिने परत सगळे गोळा केले, परत वाटले, परत तीन उरले. तिला वाटलं आपलं चुकतंय, डोळ्यात पाणी. मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडे ढीग लावणारा पहिलीतला पोऱ्या म्हणाला, "उरनात त्या माले दे!" (उरले ते मला दे!) त्याचा दहाचा ढीग तीनने कमी पडत होता ना. पोरीने त्याला तीन दिले, स्वतःच्या वाट्यांकडे बघितलं आणि पाटीवर लिहिलं, बाकी 3. बाकी म्हणजे जी कुणाच्याच वाटीत गेली नाही ती, हे मी फळ्यावर कितीही समजावलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं, आणि एका इयत्तेच्या वर्गात तो पहिलीवाला तिथे असलाच नसता.

पण हे सगळं चालायला सवयी लागतात आणि सवयींना वेळ लागतो. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत अभ्यासक्रम मागे राहिला तरी चालेल पण या सवयी लावा. अडलं की आधी स्वतः परत बघ, मग शेजारच्याला विचार, मग गटातल्या मोठ्याला, आणि तरी नाही सुटलं तर सरांकडे. मी हे परिपाठात रोज म्हणवून घ्यायची. सुरुवातीला पोरं थेट अंगावर येतात, "बाई बाई" करत पदर ओढतात, तेव्हा न चिडता फक्त विचारायचं, "शेजारच्याला विचारलं?" महिनाभरात फरक पडतो, मी सांगते.

दुसरं, खोलीच्या भिंतींना जमिनीपासून अडीच-तीन फुटापर्यंत चौफेर काळा रंग मारून घ्या. प्रत्येक पोराला दोन हात जागा, ती त्याची. तुम्ही पहिलीत बसलेले असताना नुसती मान वळवली तरी कोण कुठे अडलंय ते भिंतीवर दिसतं. वह्या तपासायला जो वेळ जातो त्यातला निम्मा वाचतो. ग्रामपंचायतीकडे मागून बघा, नाहीतर एक डबा रंग आणि एक रविवार लागतो.

तिसरं म्हणजे कार्डं. लग्नसराई झाली की गावातून जुन्या लग्नपत्रिका गोळा करायच्या, कोऱ्या बाजूला एक काम लिहायचं, घडीच्या आत उत्तर. पोर काम करतं, घडी उघडतं, स्वतःच तपासतं. उत्तर आधी बघतील का? पहिले आठ दिवस बघतात, नंतर त्यांना त्यात मजा वाटत नाही. माझ्याकडे शेवटी सातशेच्या वर कार्डं झाली होती, सोप्यापासून अवघडापर्यंत नंबर टाकलेली, पोर आज 42 वर थांबलं तर उद्या 43 पासून. हे काही मी शोधलेलं नाही, आंध्रात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या लोकांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी अशी कार्डांची शिडी बसवली, पुढे तमिळनाडूच्या सरकारी शाळांनी ती मोठ्या प्रमाणावर उचलली. तिथलं छापील साहित्य कितीतरी देखणं आहे, पण पाड्यावर लग्नपत्रिकेचं पण भागतं.

आणि दिवसभर पहिली इथे, दुसरी तिथे असं बसवू नका. वाचन आणि गणिताला ज्याला जे येतं त्याप्रमाणे गट, मग त्यात दुसरीचा आणि चौथीचा एकत्र आला तरी येऊ द्या. गोष्ट, गाणी, चित्र, खेळ सगळ्यांचं एकत्र. परिसर अभ्यास तिसरी-चौथीचा शक्य तिथे जोडून घ्या, पाणी, अन्न, नकाशा हे विषय दोन्हीकडे येतातच. चौथीचा भाग 2 म्हणजे शिवाजी महाराजांचा इतिहास तर मी चारही वर्गांना एकत्रच सांगायची, पहिलीची पोरं तोंड उघडी टाकून ऐकायची, आणि चौथीत येईपर्यंत त्यांचं अर्धं पाठ झालेलं असायचं.

आता एक गोष्ट मनापासून. हे सगळं केलं म्हणून तुमचं एकटं असणं योग्य ठरत नाही. कायद्याच्या परिशिष्टात 60 पर्यंतच्या पटाला 2 शिक्षक असं स्पष्ट आहे. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन शिक्षक ही कायद्यानेच धरलेली गोष्ट आहे, बहुवर्ग शाळा हा अपवाद नाहीच, फक्त डी.एड.ला आपले सराव पाठ एक इयत्ता एक तास असेच झालेले असतात म्हणून आपल्याला तो अपवाद वाटतो. पण दोन म्हणजे दोन. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा, रिकाम्या पदाचा ठराव लिहून घ्या, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या, दर महिन्याला परत द्या. तोंडी सांगू नका. आणि रात्री झोपा, सकाळी 27 पोरं तुमचा चेहरा बघतात.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे, हुशार आहे. मॅडम तिला रोज पहिलीच्या पोरांना शिकवायला बसवतात. ती शिकायला जाते की शिकवायला? घरी येऊन म्हणते आज पण बाराखडी घेतली. मिस्टर म्हणतात तालुक्याला इंग्लिश मीडियमला टाकू, व्हॅन येते दारापर्यंत. काय करू?
(एक आई, ता. चोपडा)

उत्तर : ताई, तुमची तक्रार खरी आहे आणि मॅडमचं सगळंच चुकतंय असंही नाही. मोठ्याने लहानाला शिकवणं ही आपल्याकडची फार जुनी रीत. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री मद्रासला अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता, त्याने इथली पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना बघितली, तीच पद्धत आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या पोरांना लहानांवर नेमलं. 1797 ला त्याने लंडनला त्यावर पुस्तिका काढली आणि पुढे विलायतेत ती मद्रास पद्धत म्हणून पसरली. पण तिथे काय झालं, एक मास्तर आणि शेकडो पोरं, स्वस्तात शाळा चालते म्हणून मोठ्या पोरांना राबवलं गेलं, नुसती घोकंपट्टी. म्हणजे पद्धत तीच पण कशासाठी वापरता त्यावर सगळं आहे.

शिकवणाऱ्याचं शिकणं होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. हातचा का घ्यायचा हे दुसऱ्याला सांगायला लागलं की तेव्हा पोराला स्वतःला कळतं. पण त्यासाठी दोन अटी आहेत. एक, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही, आणि पाळी लावून, एकट्या हुशार पोरीच्या गळ्यात नाही. (आणि बघा हं, बहुतेक वेळा ती पोरगीच असते, पोरगा नसतो, हे मला नेहमी खटकत आलंय. घरी भावंडं सांभाळते आणि शाळेत पहिली सांभाळते.) दुसरी अट, तिच्या गटाला पण तेवढाच वेळ मॅडमचा मिळाला पाहिजे.

तर मॅडमना भेटा, तक्रार म्हणून नाही, शाळा सुटायच्या वेळेला निवांत. विचारा, या आठवड्यात माझ्या मुलीला नवीन काय आलं? वही सोबत न्या. वहीत तीन आठवडे एकच उदाहरण फिरत असेल तर ते दाखवा. कार्डं, पुस्तकपेटी, तिला पुढचं काम देता येईल का विचारा. मॅडम पण एकट्याच पडलेल्या असणार, यू-डायसची म्हणजे सरकारला भरून द्यायची शाळेची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, मतदारयादीचं काम, यातून त्यांना बाराखडीला हात मिळाला तो तुमच्या मुलीचा.

इंग्लिश मीडियमचं तुमच्या घरचं तुम्ही ठरवा, पण एक लक्षात घ्या की एका खोलीत एकच इयत्ता असली म्हणजे सगळी पोरं सारखी असतात असं नाही. तिथेही चाळीस पोरांत दहा पुढे आणि दहा मागे असतातच.

प्रश्न : मी मूळची मराठवाड्यातली, साक्री तालुक्यात नवीन आहे. दुसरी-तिसरी माझ्याकडे. पोरं अहिराणी बोलतात आणि तसंच लिहितात, 'पानी', 'माले', 'नही'. लाल पेनाने सुधारून दमले. आधीच दोन वर्ग, त्यात ही भाषा.
(एक शिक्षिका, ता. साक्री)

उत्तर : ताई, लाल पेन आधी बाजूला ठेवा. 'पानी' लिहिणाऱ्या पोराने चूक केलेली नाही, त्याने जे कानाला ऐकलं ते अक्षरात बरोबर उतरवलं, म्हणजे त्याला लिहिता येतं. अहिराणीत 'ण' च्या जागी 'न' असतो आणि ते घरात तेच ऐकतं. ज्या दिवशी तुम्ही त्या शब्दावर फुली मारता त्या दिवसापासून ते लिहायचं कमी करतं, बोलायचं तर बंदच.

मी भिंतीवर दोन रांगा करायची. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. माले - मला. तुले - तुला. आंडोर - मुलगा. पोरंच शब्द आणायची आणि तिसरीची पोरं उजवीकडचा लिहायची, दुसरीची डावीकडचा. तुमचे दोन वर्ग इथे ओझं नाहीत उलट तुमचे दुभाषे आहेत, तिसरीच्या पोरांना दोन वर्षं पुस्तकातली मराठी कानावर पडलेली असते, ती दुसरीला सांगतात आणि तुम्हाला अहिराणी शिकवतात. त्यांना विचारा, "हे तुमच्याकडे काय म्हणतात रे?" बाईला आपल्याला काही विचारावं लागतं हे बघून पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघाच तुम्ही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पण किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा असं लिहिलंय, कुणी अडवलं तर ते दाखवा. शिरपूर, शहाद्याच्या वरच्या बाजूला पावरी, भिली बोलणारी पोरं असतात, तिथे तर अंतर याहून खूप जास्त, पण रस्ता हाच.

प्रश्न : वर्गभेटीला साहेब आले आणि चौथीचा मुलगा दुसरीच्या गटात का बसलाय म्हणून सगळ्यांसमोर बोलले. आता परत इयत्तेप्रमाणे बसवू का?
(एक शिक्षक, ता. रावेर)

उत्तर : नका. माझ्यावर पण ही वेळ आलीय, एका अधिकाऱ्याने पोरांसमोर "बाई, तुम्हाला कोण कुठल्या वर्गात आहे ते तरी माहितीय का" असं विचारलं होतं, घरी येऊन रडले होते मी. मग मी दाराशी एक वही टांगून ठेवली. प्रत्येक पोराचं एक पान, जूनमध्ये काय वाचता येत होतं, आज काय येतं, कुठल्या कार्डावर आहे, तारखेसह. पुढच्या भेटीला कुणी काही विचारायच्या आधी ती वही हातात दिली. 2021 पासून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलंय, तिसरीपर्यंत वाचता आणि गणिती क्रिया करता आल्या पाहिजेत हेच त्यातलं ध्येय, तेव्हा पातळीप्रमाणे गट हे आता तुम्हाला ठामपणे सांगता येतं. हजेरीपटावर इयत्ता, बसायला पातळी.

प्रश्न : माझा नातू अकरा वर्षांचा. पोरगा-सून दिवाळीनंतर गुजरातकडे ऊसतोडीला जातात, तो पण सोबत जातो, होळीला परत येतो. आल्यावर शाळेत त्याला लहान पोरांत बसवतात, वाचता येत नाही म्हणून. त्याला लाज वाटते, शाळेत जात नाही, शेळ्या घेऊन जातो. पुतण्याकडून लिहून घेतलं आहे.
(एक आजोबा, ता. अक्कलकुवा)

उत्तर : बाबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या नातवाचं नाव त्याच्या वयाच्या वर्गातच राहणार, कायदाच तसा आहे, आणि मागे पडलेलं भरून काढायला शाळेने त्याला वेगळा वेळ द्यायचा हेही त्यातच आहे. तो लहान पोरांत बसेल तर फक्त वाचनाच्या तासाला, दिवसभर नाही. हे गुरुजींना सांगा, हे पत्र त्यांना वाचायला दिलं तरी चालेल.

आणि गुरुजी, तुम्ही वाचत असाल तर तुम्हाला सांगते. असाच एक पोरगा माझ्याकडे होळी झाल्यावर यायचा, भोंगऱ्या बाजारातला (होळीच्या आधी भरतो तो) नवीन शर्ट घालून, आणि दाराबाहेरच उभा राहायचा. पाठ्यपुस्तकाला हात लावायचा नाही. एक दिवस चौथीला वजनं मापं चालली होती, क्विंटल, टन, चौथीच्या एकाही पोराने टन कधी बघितलेला नव्हता. मी दाराकडे बघून विचारलं, "तू सांग रे, एका बैलगाडीत ऊस किती भरतो?" तो आत आला. मोळी कशी बांधतात, गाडी कशी भरतात, काट्यावर वजन कसं होतं, उचल म्हणजे काय आणि ती वजनातून कशी फिटते, अर्धा तास बोलला, फळ्यावर आकडे मी लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी त्याचंच बोलणं मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आणलं, बारा ओळी, आणि तेच त्याचं पहिलं वाचनाचं पुस्तक झालं. स्वतःचं बोलणं होतं ना, पुढचा शब्द त्याला माहीतच असायचा. चौथीच्या दोन पोरांनी त्याच्यासोबत बसून बोट ठेवून ठेवून वाचलं. एप्रिल संपेपर्यंत तो कार्डांवर आला होता, आणि ज्या नंबरावर थांबला तो मी त्याच्या पानावर लिहून ठेवला, पुढच्या होळीनंतर तिथूनच पुढे. बहुवर्ग खोलीत हे जमतं, कारण तिथे सगळ्यांची गाडी एकाच स्टेशनवर नसतेच, उशिरा आलेलं पोर वेगळं दिसत नाही.

बाबा, दोन गोष्टी तुम्ही करा. एक, दिवाळीच्या आधी शाळेतून त्याचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते सोबत असलं की जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखवता येतं. दुसरं, शाळेत विचारा की तो गावातच राहिला तर त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, ही योजना स्थलांतर करणाऱ्यांच्या पोरांसाठीच आहे, आणि तुम्ही घरी आहातच तर रात्री तुमच्याजवळ झोपेल. पण आई-बापाला सोडून राहायचं की नाही ते त्याला पण विचारा.

आणि आत्ता लगेच, येत्या सोमवारी शेळ्या पुतण्याकडे द्या आणि तुम्ही स्वतः त्याला घेऊन शाळेत जा. दारात सोडून परत येऊ नका, परिपाठ होईपर्यंत थांबा.